शिष्यवृत्ती, दोन पोरं आणि बर्लिन

दरवर्षी ऑगस्ट लागला की मला फोन सुरू होतात. आवाज वेगवेगळे, प्रश्न तोच: "ताई, बर्लिनला शिष्यवृत्ती मिळालीय, पण मुलं लहान आहेत. जमेल का?" जमतं. मी मास्टर्सला आले तेव्हा लेक चार वर्षांची होती आणि धाकटा दीड. पण मी जिथे आपटले नेमकं तिथेच पुढचीही आपटते, ते बघवत नाही.

आधी विमा. बाकी काही वाचलं नाहीत तरी चालेल, एवढं वाचा.

विद्यापीठात नाव घालताना आरोग्य विम्याचा कागद मागतात. तिशीच्या आतल्या विद्यार्थ्याला इथे सार्वजनिक विमा बंधनकारक आहे. खाजगी घ्यायचा तर त्या बंधनातून सूट मागावी लागते, तिला 'बेफ्रायुंग' म्हणतात. मी एकटी पुढे आले होते, नवरा आणि पोरं पाच महिन्यांनी यायची होती. खाजगी विमा दरमहा बराच स्वस्त दिसत होता. आपल्यातलाच एक सिनियर म्हणाला, "घेऊन टाक, सगळे हाच घेतात." घेऊन टाकला. जर्मन येत नव्हतं, कागद एका पानाचा होता, सही ठोकली.

ती सूट मागे घेता येत नाही. शिक्षण संपेपर्यंत नाही. घरचे आले तेव्हा कळलं की सार्वजनिक विम्यात मुलं फुकट धरली जातात आणि जोडीदाराची कमाई नगण्य असेल तर तोही. खाजगीत दर डोई वेगळा हप्ता. दोन वर्षं आम्ही चार हप्ते भरले, तेही एका शिष्यवृत्तीतून. वर डॉक्टरचं बिल आधी आपण भरायचं आणि परताव्यासाठी पत्रं लिहीत बसायचं. धाकट्याचे कान दर पंधरा दिवसांनी दुखायचे, म्हणजे विचार करा. ज्याने सल्ला दिला तो सडाफटिंग होता. त्याच्यासाठी तो बरोबरच होता!

म्हणून पहिल्या आठवड्यात विम्याच्या कुठल्याही कागदावर सही करू नका. मुलं आज सोबत नसली तरी ती येणार आहेत असं धरूनच विमा निवडा. तुमची तिशी उलटली असेल किंवा तुम्ही पीएचडीला येत असाल तर नियम वेगळे आहेत. शिष्यवृत्ती देणारेच विमा काढत असतील तर त्यात मुलं धरली आहेत का, हे लेखी विचारा.

घर घेताना 'आनमेल्डुंग, म्हणजे पत्त्याची सरकारी नोंद, होईल ना' हा पहिला प्रश्न, भाडं दुसरा. राहायला गेल्यापासून १४ दिवसांत पत्ता नोंदवायचा असतो आणि त्यासाठी घरमालकाची सही लागते. पत्ता नाही तर पुढचं सगळंच अडतं.

अडतं म्हणजे मुख्यतः कीटा, म्हणजे आपली बालवाडी आणि पाळणाघर एकत्र. वर्ष पूर्ण झालेल्या मुलाला जागा मिळण्याचा कायदेशीर हक्क २०१३ पासून आहे. हक्क आहे, जागा असेलच असं नाही. बर्लिनमध्ये २०१८ पासून फी नाही, जेवणाचे महिन्याला २३ युरो तेवढे द्यायचे. आधी युगेंडआम्टकडून, म्हणजे मुलांचं बघणाऱ्या सरकारी कचेरीतून, गुटशाइन घ्यायचं, म्हणजे कीटाचं कूपन. त्याचा अर्ज कीटा सुरू व्हायच्या नऊ महिने आधीपासून करता येतो, उशिरात उशिरा दोन महिने आधी. गुटशाइन हातात आलं म्हणजे प्रवेश झाला असं समजू नका. ते रेशनकार्ड आहे, धान्य तुम्हीच शोधायचं. मी तीसेक कीटांना मेल केले. उत्तरं चार आली, त्यातली तीन नकाराची.

गोवरच्या लसीचा पुरावा दिल्याशिवाय मूल आत घेत नाहीत. आपल्याकडच्या कार्डावर डॉक्टरांच्या अक्षरात 'एमआर' खरडलेलं असतं. निघण्यापूर्वी तारखा आणि शिक्क्यासह स्वच्छ इंग्रजी प्रत करून घ्या.

आणि आइनगेव्योनुंग! मुलाला कीटाची सवय लावण्याचे हे आठवडे. आई किंवा बाबाने तिथेच बसायचं. पहिले तीन दिवस मी बोटभर उंचीच्या खुर्चीत गुडघे हनुवटीला लावून बसले होते. चौथ्या दिवशी बाई म्हणाल्या, आता दहा मिनिटं बाहेर जा. मी बाहेर पॅसेजमध्ये छोट्या छोट्या रबरी बुटांच्या रांगेसमोर उभी, आत धाकट्याचं भोकाड. बाईंनी दहाव्या मिनिटाला दार उघडलं, आधी नाही, नंतर नाही. तेव्हा राग आला होता. आज सांगते, पद्धत उत्तम आहे, पण तिला तीन-चार आठवडे लागतात आणि ते घाईने उरकत नाहीत. हिवाळी सत्राची लेक्चर्स ऑक्टोबरात सुरू होतात, त्याच महिन्यात हे घालू नका. माझा एक विषय त्यातच बुडाला.

किंडरगेल्डबद्दल आपली आयटीवाली मंडळी पार्टीत सांगतील की सरकार दर मुलामागे पैसे देतं. त्यांना देतं. शिक्षणासाठी मिळालेल्या राहण्याच्या परवान्यावर, नोकरी नसताना, नाही. बजेटमध्ये धरू नका. याच मंडळींचा दुसरा सल्ला, "मुलं वर्षभर आजीकडे ठेव." इरावतीबाई कर्व्यांचं उदाहरणही मला एकाने दिलं. त्या बर्लिनला डॉक्टरेटला आल्या तेव्हा त्यांना मूल नव्हतं, हे त्याला सांगावं लागलं.

जाड जॅकेटं पुण्याहून आणू नका. मुलांच्या जुन्या बाजारात चांगली मिळतात, चिखलात खेळायची रबरी पँटसुद्धा. ट्राममध्ये आजीबाई "टोपी कुठे आहे याची?" म्हणून दटावतील. हसून टोपी घाला. पोरांच्या दंग्यावरून खालचे कुरकुरले तर घाबरू नका; मुलांचा आवाज सहन करायचाच असतो असं बर्लिनने २०१० मध्ये कायद्यात लिहिलं आहे. रविवारी ड्रिल मशीन मात्र लावू नका.

लहान मुलांचा डॉक्टर कीटा सुरू होण्याआधी शोधा, बरेच जण नवे पेशंट घेत नाहीत. रात्री ताप चढला तर ११६११७, जिवावरचं असेल तर ११२. पहिल्या हिवाळ्यात दोन्ही नंबर फ्रिजवर चिकटवा.

नावांचं एक राहिलं. आपल्या पासपोर्टवर मुलाच्या नावापुढेच वडिलांचंही नाव असतं आणि इथे ते दोन्ही मिळून मुलाचंच नाव समजतात. फॉर्मवर हाक मारायचं नाव अधोरेखित करा. आम्ही केलं नव्हतं. वर्षभर धाकट्याच्या कीटातल्या खुंटीवर त्याच्यासोबत त्याच्या बापाचंही नाव होतं, आणि बाई दोन्ही नावांनी हाक मारायच्या.