स्वतःचा व्हीपीएन सर्व्हर टाकताय? या चुका टाळा

व्हीपीएन म्हणजे तुमचं नेट ट्रॅफिक कुलूपबंद करून दुसऱ्या सर्व्हरमधून नेणारा बोगदा. सगळ्यात मोठा गैरसमज आधी. "व्हीपीएन कंपन्या लॉग (कोण कधी काय वापरतं याच्या नोंदी) ठेवतात म्हणून मी स्वतःचा सर्व्हर टाकला, आता मला कोणी पकडू शकत नाही." अरे बाबा, व्हीपीएस (भाड्याचा ऑनलाइन सर्व्हर) कोणाच्या नावावर घेतलास? कार्ड तुझं, ईमेल तुझा, आणि त्याच्या आयपीवरून (नेटवरच्या पत्त्यावरून) बाहेर पडणारा तू एकटाच. कंपनीच्या व्हीपीएनमध्ये निदान एका आयपीमागे गर्दी तरी असते. त्यात सर्ट-इनचा (सरकारची सायबर सुरक्षा संस्था) एप्रिल २०२२ चा आदेश व्हीपीएस आणि डेटा सेंटरवाल्यांनाही लागू आहे, म्हणजे मुंबईतला सर्व्हर घेतलास तर तुझं नाव-पत्ता, दिलेला आयपी हे सगळं ५ वर्षं त्यांच्याकडे, तू सोडून गेलास तरी. एक्सप्रेसव्हीपीएन आणि सर्फशार्कने त्यावरून भारतातले सर्व्हरच काढले. आणि कंपन्यांच्या "नो लॉग्ज"वरही डोळे मिटून विश्वास नको, २०१७ मध्ये अमेरिकेतल्या एका सायबरस्टॉकिंगच्या केसमध्ये एफबीआयने प्युअरव्हीपीएनचेच रेकॉर्ड वापरले होते.

मग स्वतःचा कशाला? एफसी रोडवरच्या कॅफेचं वायफाय आणि घरचा ब्रॉडबँडवाला यांना तुम्ही कुठे जाता ते दिसू नये म्हणून. तेवढंच.

दुसरी चूक, जिने माझा अख्खा रविवार खाल्ला: एकच कॉन्फिग (सेटिंगची फाइल) सगळ्या डिव्हाइसवर. कर्वेनगरचा आमचा भाचा, वायरगार्ड या व्हीपीएन सॉफ्टवेअरचा एकच क्यूआर स्वतःच्या फोनवर, लॅपटॉपवर आणि आईच्या फोनवर स्कॅन करून मोकळा. ताईचा व्हिडिओ कॉल सुरू झाला की याचं नेट बंद, याने काही उघडलं की तिचा कॉल अडकला. साहेब आठवडाभर ब्रॉडबँडवाल्याशी भांडत होते, राऊटरसुद्धा बदलून घेतला! मी सर्व्हरवर 'डब्ल्यूजी शो' ही कोण जोडलंय ते दाखवणारी कमांड मारली तर पीअर (जोडलेलं डिव्हाइस) एकच, आणि दर वेळी त्याचा एंडपॉइंट (तो जिथून जोडलाय तो पत्ता) वेगळा, आत्ता घरचा ब्रॉडबँड, पुढच्या क्षणी जिओ. सर्व्हरच्या दृष्टीने एक की (ओळखीची डिजिटल किल्ली) म्हणजे एक डिव्हाइस, शेवटचं पॅकेट जिथून आलं तिकडेच तो उत्तर पाठवणार. मी प्रत्येक डिव्हाइसला वेगळी की देतो आणि फाइलला माणसाचंच नाव, 'ताई-फोन' वगैरे, म्हणजे फोन हरवला की तेवढाच पीअर उडवायचा. पाच मिनिटांचं काम आहे, पण यांना घाई.

बाकीच्या पटापट. वायरगार्डचा ५१८२० हा पोर्ट (सर्व्हरचा दरवाजा) यूडीपी उघडायचा, टीसीपी नाही (डेटा पाठवायच्या या दोन वेगळ्या पद्धती), आणि क्लाउडच्या पॅनलमधल्या फायरवॉलमध्येही. कनेक्ट होतं पण नेट नाही, तर आयपी फॉरवर्डिंग आणि नॅट (सर्व्हरने तुमचं ट्रॅफिक पुढे नेटवर पाठवायच्या सेटिंग) बघा. काही साइट उघडतात, काही नुसत्या फिरत राहतात? एमटीयू (एका पॅकेटचा कमाल आकार) १२८० करून बघा. अलाउड आयपीजमध्ये (बोगद्यातून काय न्यायचं ती यादी) ::/०, म्हणजे सगळे आयपीव्ही६ (नव्या पद्धतीचे आयपी) पत्ते, नसेल तर जिओचं आयपीव्ही६ ट्रॅफिक व्हीपीएनच्या बाहेरूनच जाऊ शकतं आणि तुम्ही खुशाल समजता सगळं झाकलंय. रूटचं (सर्व्हरच्या मुख्य खात्याचं) पासवर्ड लॉगिन चालू ठेवणाऱ्यांशी मी बोलत नाही.

आणि घरच्या रास्पबेरी पायवर (छोटा कॉम्प्युटर) टाकणार असाल तर आधी राऊटरमध्ये वॅन आयपी (राऊटरला बाहेरून मिळालेला पत्ता) बघा. १००.६४ ते १००.१२७ मधला असेल तर तुम्ही सीजीनॅटमागे आहात (म्हणजे अनेक ग्राहकांत मिळून एकच सार्वजनिक आयपी), पोर्ट फॉरवर्डिंग कितीही करा, बाहेरून कोणी आत येणार नाही. पैसे भरून स्टॅटिक (स्वतःचा, न बदलणारा) आयपी घ्या, नाहीतर सरळ व्हीपीएस.