कृष्णाकाठच्या उत्सवांभोवती पर्यटन मार्ग आखताय? या चुका टाळा

वाईपासून नृसिंहवाडीपर्यंत (पुढे नुसतं ‘वाडी’) कृष्णेच्या काठाला उत्सवांची कमी नाही. वाईच्या घाटांवरचा कृष्णामाईचा उत्सव, बावधनचं बगाड (नवस फेडणाऱ्याला उंच लाकडी शिडाला टांगून बैलांनी ओढायचा गाडा), औदुंबर आणि वाडीची दत्तजयंती, संक्रांतीला औदुंबरचं साहित्य संमेलन, भर पावसाळ्यात वाडीचा दक्षिणद्वार सोहळा. हे सगळं जोडून एखादा मार्ग तयार करावा असं ग्रामपंचायतीला, होमस्टेवाल्याला किंवा सहल आयोजकाला वाटणं साहजिक आहे. पण असे मार्ग बहुतेक वेळा एकाच कारणाने फसतात. मार्ग नकाशा समोर ठेवून आखला जातो आणि उत्सव मात्र तिथी, नदीचं पाणी आणि गावकी या तिघांच्या हिशेबाने चालतो. खालच्या जवळजवळ सगळ्या चुका तिथूनच सुरू होतात.

अख्खी नदी एका सहलीत कोंबणं

वाई ते सातारा साधारण ३५ किलोमीटर, पुढे कराड पन्नासेक, तिथून सांगली सत्तरच्या आसपास आणि सांगलीहून वाडी वीसेक. कागदावर हे एका दिवसाचं अंतर दिसतं. प्रत्यक्षात माहुलीचा संगम, कराडचा प्रीतिसंगम, औदुंबर, हरिपूर असे थांबे धरले की माणूस प्रत्येक ठिकाणी वीस मिनिटं उभा राहतो आणि बाकी दिवस गाडीत काढतो. उत्सव तर त्याला कुठेच भेटत नाही.

त्यात दत्तजयंती आणि संक्रांत हा ऐन गळीत हंगाम. कराडच्या खाली उतरलात की उसाच्या ट्रॉल्यांमागे ताशी २५ ते ३० किलोमीटरनेच जावं लागतं. अंधार पडल्यावर रिफ्लेक्टर नसलेली ट्रॉली दिसते ती अगदी जवळ गेल्यावर. म्हणून या पट्ट्यातला प्रवास सूर्यास्ताआधी संपेल असंच वेळापत्रक करा आणि गुगल दाखवतो त्या वेळेत निदान तिसरा हिस्सा वाढवून धरा.

उपाय म्हणजे मार्गाचे तीन स्वतंत्र पट्टे करायचे. पहिला वाई, मेणवली, धोम आणि बावधनचा. हा माघ-फाल्गुनात चालेल. दुसरा औदुंबर, सांगली, हरिपूर, वाडी आणि खिद्रापूरचा, मार्गशीर्षापासून संक्रांतीपर्यंत. तिसरा दक्षिणद्वार सोहळ्याचा, पण तो सहल म्हणून विकायचाच नाही. त्याबद्दल पुढे सविस्तर.

तिथीच्या आधी तारीख छापणं

बगाड रंगपंचमीला असतं. २०२४ मध्ये रंगपंचमी ३० मार्चला होती, २०२५ मध्ये १९ मार्चला, २०२६ मध्ये ८ मार्चला. हा उतार पाहून पुढच्या वर्षासाठी फेब्रुवारीचा शेवट धरणारे लोक आहेत. पण २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आहे, त्यामुळे २०२७ ची रंगपंचमी पुन्हा मार्चच्या शेवटच्या आठवड्यात जाते. बसचं आगाऊ बुकिंग चुकीच्या आठवड्यात झालं तर पैसे गेलेच.

कृष्णामाईच्या उत्सवात गोष्ट आणखी नाजूक आहे. वाईत गंगापुरी, मधली आळी, गणपती आळी, धर्मपुरी, ब्राह्मणशाही, रामडोह आळी आणि भीमकुंड आळी अशा सात ठिकाणी हा उत्सव पाळीपाळीने होतो. ‘वाईचा कृष्णामाई उत्सव, अमुक तारीख’ अशी एक ओळ छापली की पाहुणा धर्मपुरीच्या घाटावर येऊन उभा राहतो आणि त्या दिवशी मंडप भलत्याच आळीत असतो.

छापील माहितीपत्रकात महिना आणि तिथी एवढंच द्या. तारखा वेगळ्या पानावर, दरवर्षी नव्याने. त्या आळीच्या उत्सव समितीकडून सहा आठवडे आधी मागून घ्या आणि आदल्या आठवड्यात फोन करून पुन्हा खात्री करा. कीर्तन कोणत्या संध्याकाळी आणि महाप्रसाद कोणत्या दुपारी हे वेगवेगळं विचारा. ‘उत्सव कधी आहे’ या प्रश्नाला बहुतेक जण फक्त मुख्य दिवस सांगतात.

दक्षिणद्वार सोहळ्याचं तिकीट विकणं

ही सगळ्यात महागात पडणारी चूक आहे. वाडीचं दत्तमंदिर कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर अगदी नदीपात्राला लागून आहे. पाणी चढत चढत मंदिरात शिरतं, पादुकांवरून वाहून दक्षिण दाराने बाहेर पडतं, आणि त्या पाण्यात स्नान करायला भाविक जमतात. पाणी ओसरताना पुन्हा तीच पातळी आली की उतरता दक्षिणद्वार. एका पावसाळ्यात असं अनेकदा घडू शकतं, कधी पहाटे, कधी मध्यरात्री. किती वेळ टिकेल हे पाणी किती वेगाने चढतंय त्यावर ठरतं. वेग जास्त असेल तर थोड्याच वेळात गाभारा पाण्याखाली जातो आणि उत्सवमूर्ती वरच्या नारायणस्वामींच्या मंदिरात नेतात. पुण्याहून निघालेली बस पोचेपर्यंत सोहळा संपलेला असतो आणि रस्त्यावर पाणी आलेलं असतं.

यावर चालणारी पद्धत साधी आहे. सांगली, मिरज, इचलकरंजी, कोल्हापूर अशा तासा-दीड तासाच्या अंतरावरच्या लोकांची फोनयादी करायची. आगाऊ पैसे घ्यायचे नाहीत. कोयना, वारणा आणि राधानगरीतून किती विसर्ग सुरू आहे आणि पाणी चढतंय की उतरतंय हे पाहून मंदिराकडून कळलं की निरोप द्यायचा. लांबच्या पाहुण्यांना पावसाळ्यात वाडीची सहल द्यायची असेल तर ती साधी दर्शनाची सहल म्हणून द्या आणि दक्षिणद्वाराचा उल्लेख जाहिरातीत करू नका.

थांबायची रेषा आधीच लिहून ठेवा. सांगलीच्या इर्विन पुलाजवळ इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट. कोल्हापुरात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याला ३९ आणि ४३ फूट. हे आकडे शहराच्या पुराचे आहेत, तुमच्या सहलीचे नाहीत. इशारा पातळीला पाच फूट बाकी असताना आणि पाणी चढतं असताना नवी गाडी सोडायची नाही, हा नियम ठेवा. बरोबर असलेल्या सगळ्यात अनुभवी माणसालाही तो मोडायची मुभा नको. शिरोळ तालुक्यात परतीचे रस्ते एकामागोमाग एक बंद होतात, त्यामुळे गाडी उभी करताना तिचं तोंड परतीच्या दिशेला आणि जागा उंचावर हवी.

पंगतीत न सांगता पंचेचाळीस माणसं बसवणं

आळीचा महाप्रसाद सगळ्यांना खुला असतो, हे खरं. म्हणूनच आयोजकाला वाटतं की जेवणाची सोय झाली. आळीच्या बाजूने हिशेब करून पाहा. शंभर पानांची एक पंगत मांडणं, वाढणं, उठवणं आणि जागा पुसून पुन्हा पानं मांडणं यात चाळीसेक मिनिटं जातात. मधेच पंचेचाळीस जण आले की आळीतली म्हातारी माणसं आणि दिवसभर राबलेल्या बायका एक पंगत मागे ढकलल्या जातात. आचाऱ्याने अंदाज घरांवरून केलेला असतो, त्यामुळे शेवटच्या पंगतीला भात कमी पडतो. तोंडावर कुणी काही बोलत नाही. पुढच्या वर्षी मात्र तुमच्या फोनला उत्तर येत नाही.

माणशी १०० ते ११० ग्रॅम तांदूळ आणि ४० ते ५० ग्रॅम तूरडाळ धरली तर पंचेचाळीस जणांना पाच किलो तांदूळ आणि दोन किलो डाळ लागते. हा शिधा, वर तेल-गूळ, दोन दिवस आधी समितीकडे पोचवा. जेवून झाल्यावर पाकीट देण्यापेक्षा याला कितीतरी जास्त मान आहे, कारण आचाऱ्याला संख्या आधी कळते. पाहुण्यांना शेवटून दुसऱ्या पंगतीला बसवा आणि त्यांच्यातल्या चार-पाच जणांना आधीच्या पंगतीत वाढायला उभं करा. वाढायला तयार असलेल्याला आळी पाहुणा म्हणून लांब ठेवत नाही.

मोठी बस आळीत शिरतच नाही. १७ ते २० आसनांची गाडी ठेवा, तीही बाहेर उभी करा आणि चालत जा. एका वेळी एका घाटावर वीसच्या वर पाहुणे नेऊ नका. त्याहून जास्त झाले की कीर्तनाला बसलेल्यांपेक्षा फोन वर धरून उभे राहिलेले जास्त होतात.

बगाडाला प्रेक्षागृह समजणं

बगाड कृष्णाकाठच्या सोनेश्वरावरून निघतं आणि शेतांतून बावधनला जातं. बैलांच्या जोड्या बदलत दिवसभर ओढत नेतात. बगाड्याची, म्हणजे शिडाला टांगल्या जाणाऱ्या माणसाची, निवड होळीला कौल लावून होते, म्हणजे पाचच दिवस आधी. तेव्हा ‘बगाड्याशी गप्पा’ असा कार्यक्रम ठेवणं मुळातच चूक आहे. तो माणूस नवस फेडतोय, उपासात आहे.

नेमकं बिघडतं ते उभं राहण्याच्या जागेत. फोटोसाठी लोक बगाडाच्या पुढे धावतात. ढेकळांच्या शेतात बैल बिचकले किंवा चाक रुतून एकदम सुटलं तर पुढच्याला बाजूला व्हायला वेळ मिळत नाही. पाहुण्यांना कायम बाजूला ठेवा, बांधाच्या पलीकडे, निदान तीस-चाळीस फुटांवर. बैलांच्या पुढे किंवा मागे कधीच नाही. ड्रोन नको, त्याच्या आवाजाने जनावरं बुजतात. वाईहून सकाळी सातच्या आत निघा, नंतर रस्ता गच्च होतो. दिवसभर उभं राहणं झेपणार नसेल त्यांनी सोनेश्वरावर सुरुवात पाहून परतावं. टोपी, प्रत्येकी दोन लिटर पाणी आणि हरवल्यास भेटायची एक ठरलेली जागा असू द्या, कारण गर्दीत मोबाइलचं नेटवर्क बसतं.

घाट, होडी आणि पाणी गृहीत धरणं

पवित्र स्नान असं माहितीपत्रकात लिहिण्याआधी घाटावर जाऊन पाहा. उन्हाळ्याकडे कृष्णा जागोजाग साचते, शेवाळाने शेवटच्या पायऱ्या निसरड्या होतात. वाईच्या वर धोम धरण आहे. नदीत पाणी सोडलं की काल गुडघाभर होतं तिथे आज कंबरभर असतं. आवर्तनाच्या, म्हणजे पाणी सोडण्याच्या, तारखा पाटबंधारे विभागाकडून आधी घ्या.

औदुंबरहून पलीकडे भुवनेश्वरीच्या दर्शनाला होडीने जाणं हा या मार्गावरचा फार सुंदर भाग आहे, पण तो हिवाळ्यातच. होडीच्या कडेवर माणसांची संख्या रंगवलेली हवी, प्रत्येकाला लाइफ जॅकेट हवं, मुलांच्या मापाचीही. सगळे एका बाजूला फोटोसाठी वळले की होडी कलते, हे बसण्याआधी सांगा. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात याच पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला बचावाची होडी उलटून माणसं गेली. ‘अजून दोघे बसतील’ हे वाक्य या नदीवर कुणाच्या तोंडून निघता कामा नये.

स्वच्छतागृहांचा विचार सगळ्यात शेवटी होतो आणि त्याचा त्रास बायकांना होतो. तीन तासांहून जास्त थांबा असेल तर दर पंचवीस स्त्रियांमागे एक, पाण्यासह. घाटाजवळच्या दोन-तीन घरांशी आधी बोलून, ठरलेला मोबदला देऊन ही सोय होते.

वाटाड्याच्या तोंडी सगळं एकाच सुरात

मेणवलीच्या घाटावरची घंटा वसईच्या १७३९ च्या मोहिमेतली, पोर्तुगीज चर्चमधली. वाईचं ढोल्या गणपतीचं मंदिर सरदार रास्ते यांनी १७६२ मध्ये बांधलं. हे इतिहास म्हणून सांगा. अफझलखानाच्या स्वारीच्या वेळी केलेल्या नवसातून कृष्णामाईचा उत्सव सुरू झाला, हे ‘परंपरेने असं सांगतात’ म्हणूनच सांगा. दोन्हींची सरमिसळ झाली की जाणकार पाहुण्याचा खऱ्या गोष्टींवरचाही विश्वास उडतो.

मार्ग सुरू झाल्यावर येणाऱ्या अडचणी

*लोक येतात, पण मुक्काम करत नाहीत.* वाईत हे हमखास होतं, कारण पाचगणी-महाबळेश्वर जवळ आहे. कारण शोधा वेळापत्रकात. घाटावरचं कीर्तन रात्रीचं आणि मेणवली-धोम दुसऱ्या दिवशी सकाळी ठेवलं की मुक्काम आपोआप होतो. सगळं दुपारी उरकलं की गाडी पसरणीच्या घाटाला लागते.

*आळी किंवा गाव नाराज आहे.* बहुधा पैसा कुठे जातो हे दिसत नाही म्हणून. माणशी ठरलेली रक्कम, समजा ५० रुपये, समितीच्या पावतीवर जमा करा आणि हिशेब उत्सव संपल्यावर आठवड्याभरात द्या. होमस्टे, जेवण, वाटाड्या यांचे दर लेखी ठेवा आणि काम पाळीने वाटा, एकाच घरात सगळं जाऊ देऊ नका.

*घाटावर कचरा वाढला.* प्लास्टिकचे द्रोण आणि पाण्याच्या बाटल्या तुमच्याच गाडीतून येतात. पत्रावळी आणि पाण्याचे २० लिटरचे जार ठेवा. निर्माल्याचा कलश घाटाच्या वरच्या पायरीवर ठेवा, खाली ठेवलेला कलश नदीतच रिकामा होतो.

*पहिल्याच वर्षी मोठी गर्दी झेलायची आहे.* गुरू कन्या राशीत गेला की वाई आणि वाडीला कन्यागताचा पर्वकाळ असतो. मागचा २०१६ मध्ये सुरू झाला, पुढचा २०२८ मध्ये येतो. त्या वर्षी नवा मार्ग सुरू करू नका. त्याआधीच्या माघात एका आळीशी, एका गाडीने, वीस माणसांवर सुरुवात करा. दुसऱ्या वर्षी दुसरी आळी जोडा. कन्यागतात तेवढाच पट्टा चालवा जेवढा तोवर नीट बसला असेल, आणि वाडीकडच्या बुकिंगला त्या पावसाळ्यात पाणी वाढलं तर पैसे परत मिळतील अशी अट पावतीवरच छापा.