ग्लुटेन चुकून पोटात गेलं? दिवस मोजायच्या आधी या चुका टाळा

सीलिॲक म्हणजे ग्लुटेनमुळे, गहू-बार्लीतल्या प्रथिनामुळे, आतड्याला इजा होण्याचा आजार. तो असलेल्या माणसाच्या पोटात चुकून गहू गेला की फोनवर पहिला प्रश्न ठरलेला, "ताई, हे किती दिवस चालणार?" इतक्या वर्षांत इतक्या जणांनी विचारलंय की आता मी उत्तर द्यायच्या आधी उलट विचारते, कालपासून काय काय खाल्लंस ते सांग.

तरी सरळ उत्तर आधी देऊन टाकते. उलटी व्हायची असेल तर बहुतेक वेळा खाल्ल्यावर एक-दोन तासांत होते. मग पोट फुगणं, मुरडा, जुलाब, आणि दुसऱ्या दिवशी अंगात त्राण नाही, डोकं जड, समोरचा काय बोलतोय ते कळत नाही. बरेच जण एक-दोन दिवसांत उठून कामाला लागतात, काहींना चार-पाच दिवस, काहींना आठवडा किंवा त्याहून जास्त. माणसागणिक वेगळं, आणि एकाच माणसाला दोन वेळा दोन तऱ्हा. यापेक्षा नेमका आकडा कोणी छातीठोकपणे सांगत असेल तर तो काहीतरी विकत असणार.

सगळ्यात मोठी चूक: चुकीच्या तारखेपासून मोजणं

माझा आत्तेभाऊ, कोपरखैरण्याला राहतो. हिमोग्लोबिन काही केल्या वर येईना, लोहाच्या गोळ्या खाऊन कंटाळला, शेवटी सीलिॲक निघाला. त्यानंतर शेजारी सत्यनारायण होता, प्रसादाला नाही कसं म्हणायचं म्हणून चमचाभर शिरा खाल्ला. (रवा म्हणजे गहूच, हे मला अजूनही लोकांना समजावून सांगावं लागतं.) दोन तासांत उलट्या. ठीक, ते समजलं. पण पुढे दिवसामागून दिवस पोट बिघडलेलंच, आणि रोज संध्याकाळी फोन, अजून प्रसाद उतरला नाही, एवढ्याशा शिऱ्याने इतके दिवस कसं काय.

रविवारी ठाण्याहून वाशी लोकल पकडून गेले त्याच्याकडे. वहिनी म्हणाली आम्ही गहू पूर्ण बंद केलाय, दोन्ही वेळा ज्वारीची भाकरी. पीठ कुठलं? खालच्या गिरणीतलं. मी खाली जाऊन उभी राहिले. दोन चक्क्या, गिरणीवाला बिचारा प्रामाणिक, म्हणाला या चक्कीवर ज्वारी-बाजरी आणि त्या चक्कीवर गहू. पण तिथे संध्याकाळची गर्दी, गव्हाच्या डब्यांची रांग लागलेली, आणि माझ्यासमोर त्याने ज्वारीच्या चक्कीत गहू ओतला, खाली कापडी पिशवीच्या तोंडाला हाताने दोन थापट्या मारल्या की झाली पुढच्या दळणाला तयार. बाई आली ज्वारी घेऊन, तिचं पीठ त्यातूनच. त्याच्या भुवयांवरसुद्धा पीठ होतं, चक्की स्वच्छ कशी राहणार.

म्हणजे प्रसाद कधीच उतरला होता. भाऊ रोज सकाळ-संध्याकाळ भाकरीतून नवा डोस घेत होता आणि मोजत होता शिऱ्यापासून.

किती गेल्याने त्रास होतो तेही ऐका. रोज ५० मिलिग्रॅम ग्लुटेन काही महिने पोटात गेलं तरी आतड्याला इजा होते असं अभ्यासात दिसलंय, आणि ब्रेडच्या एका स्लाइसमध्ये साधारण २ ग्रॅम असतं, म्हणजे चाळिसावा हिस्सा. ग्लुटेन फ्री लिहायला आपल्याकडे एफएसएसएआयची (अन्न सुरक्षा बघणारी सरकारी संस्था) मर्यादा किलोमागे २० मिलिग्रॅम आहे. थापटी मारलेल्या चक्कीतलं पीठ यात बसेल असं वाटत असेल तर मग काय बोलायचं.

घरघंटी आणली, तीही नवी, कोणाची वापरलेली स्वस्तात मिळते म्हणून नाही, आणि तिच्यात गव्हाचा दाणा घालायचा नाही हे घरात सगळ्यांना बजावून. ज्वारी ताटात घेऊन निवडायची, कारण पोत्यातच गव्हाचे दाणे मिसळलेले सापडतात. पीठ बदललं आणि काही दिवसांत पोट शांत झालं.

माझी सवय सांगते, कालनिर्णयाच्या चौकटीत त्रास सुरू झाला ती वेळ आणि त्याआधीचं खाणं पेन्सिलने लिहिते. त्रास आठवड्यापलीकडे गेला की मी आजाराला दोष देत नाही, डबे उघडते. हिंगाच्या डबीवरचं बारीक छापलेलं वाचते, बांधणीच्या हिंगात गव्हाचं पीठ किंवा मैदा बऱ्याचदा असतो. वरण-भातच खातोय तरी त्रास म्हणणाऱ्यांनी तर पहिली फोडणी तपासावी.

पटापट, कारण हे सांगून सांगून थकले

खपली गहू हा गहूच आहे. "जुना, देशी आहे ना" याने काही फरक पडत नाही.

कुरडया गव्हाच्या चिकाच्या असतात.

थालीपिठाच्या भाजणीत बहुतेक घरी मूठभर गहू पडतोच.

साबुदाणा वडा उपासाचा, मान्य, पण गाडीवर त्याच कढईत आत्ताच समोसे तळून निघालेत.

मिसळ पावाशिवाय मागवली म्हणून खूश होऊ नका, फरसाणात मैद्याची पापडी असते का ते बघा. चायनीजच्या सोया सॉसमध्ये गहू, कॉर्नफ्लेक्समध्ये बार्लीचा माल्ट.

लाकडी पोळपाट-लाटणं वेगळं ठेवा. धुऊन चालवू नका.

उताऱ्याच्या मागे धावणं

नव्याने कळलेली मंडळी फार घाईत असतात. कोळशाची गोळी, एन्झाइमची कॅप्सूल, कसलासा हिरवा डिटॉक्स रस, आणि सकाळी ऑफिसला जायचंच. गेलेलं ग्लुटेन परत खेचून काढणारं औषध नाहीये. कॅप्सूल घेतली म्हणून लग्नात पुरी खाल्ली असं सांगणारा मुलगा मला भेटलाय, त्याला मी काय बोलले ते इथे लिहित नाही.

मी ओआरएस घोट घोट घेते, पेज, मऊ भात, बिनहिंगाचं मुगाचं वरण, आणि झोप. दूध काही दिवस बंद, कारण आतड्याला सूज असताना दुधातली साखर पचत नाही आणि मग माणूस म्हणतो ग्लुटेनचा त्रास लांबला. आणि त्या दिवशी ट्रान्स हार्बरच्या लोकलने जायचा हट्ट करू नका, डब्यात बाथरूम नसतं, घणसोली ते ठाणे फार लांब वाटतं.

पोट थांबलं म्हणजे आतडं बरं झालं असं समजणं

दोन वेगळी घड्याळं आहेत. त्रास दिवसांत थांबतो, रक्तातली टीटीजी (सीलिॲकमध्ये वाढणारी अँटीबॉडी) खाली यायला महिने लागतात, मोठ्या माणसांचं आतडं नीट भरून यायला वर्ष-दोन वर्षंही लागतात. एकदा चुकलं म्हणून सगळं शून्यावर येतं असं नाही, उगाच रडत बसू नका. पण ज्यांना काहीच त्रास होत नाही आणि म्हणून "मला थोडं चालतं" म्हणतात, त्यांचंही आतडं आतून बिघडत असतं. तिथे पोटाच्या साक्षीवर विश्वास ठेवायचा नाही, डॉक्टरांनी सांगितलेली टेस्ट वेळेवर करायची.

सगळं ग्लुटेनच्या माथी मारणं

ताप आला, शौचात रक्त दिसलं, लघवी कमी झाली, पाणीही टिकत नाही, लहान मूल मलूल पडलं, तर थांबू नका, डॉक्टरकडे जा. पावसाळ्यात ठाण्यात पोट बिघडायला गहू लागत नाही, पाणी पुरतं. गहू खाल्ल्यावर काही मिनिटांत अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले, श्वास लागला, तर ती ॲलर्जी असू शकते, सीलिॲक नव्हे, सरळ कॅज्युअल्टी. आणि डबे तपासूनही दोन आठवड्यांत आराम नसेल तर पोटविकारतज्ज्ञाला दाखवा, मला फोन करू नका.

ज्यांची अजून टेस्टच झाली नाही आणि इंटरनेटवर वाचून पोळी सोडून बसलेत, त्यांनी आधी रक्ततपासणी, आणि डॉक्टर म्हणाले तर दुर्बिणीने बायोप्सी, हे सगळं पोळी चालू असतानाच करून घ्यायचं. आधी सोडलं तर रिपोर्ट नॉर्मल येऊ शकतो आणि मग खात्री करायला पुन्हा काही आठवडे गहू खायला लावतात.