कायमचा धक्का नसलेल्या नौकेत राहताना
इंग्लंड आणि वेल्समधील बहुतेक कालवे कॅनाल अँड रिव्हर ट्रस्टच्या अखत्यारीत येतात, आणि ज्यांच्या नौकेला कायमचा धक्का (नौका बांधून ठेवण्याची हक्काची जागा) नाही त्यांनी १९९५ च्या ब्रिटिश वॉटरवेज कायद्यानुसार परवान्याच्या संपूर्ण काळात खरोखर प्रवास करत राहणे आणि कोणत्याही एका ठिकाणी सलग १४ दिवसांपेक्षा जास्त न थांबणे आवश्यक असते. येथे ‘ठिकाण’ म्हणजे दोर बांधलेला खुंटा नव्हे, तर तो सगळा परिसर. त्यामुळे चौदाव्या दिवशी नौका पुलापलीकडे शंभर मीटर सरकवून नियम पाळल्याचे समाधान मानू नये. दोनच ठिकाणांदरम्यान येरझाऱ्या घालणेही ट्रस्टला मान्य नाही. मुलांची शाळा किंवा नोकरी एकाच गावात असणाऱ्यांना हे सर्वाधिक जाचते, तरी ती सबब सहसा चालत नाही.

आजारपण, इंजिनातील बिघाड किंवा गोठलेले पाणी यांमुळे थांबणे भाग पडल्यास मुदत संपण्यापूर्वीच ट्रस्टला कळवावे. अभ्यागतांच्या काही धक्क्यांवर मुदत १४ दिवसांहून कमी असते, म्हणून दोर बांधण्याआधी तेथील फलक वाचावा. जलपाशांलगतच्या (पाण्याची पातळी बदलून नौका वर-खाली नेणाऱ्या दरवाजांच्या कप्प्यांलगतच्या) धक्क्यांवर, पाणी भरण्याच्या जागी आणि नौका वळवण्याच्या रुंद भागात मुक्काम करू नये.