उबुंटूवरील पॅकेजे अद्ययावत ठेवताना या चुका टाळा

खानापूर आणि निपाणी भागातील काही वाचनालयांच्या व छापखान्यांच्या उबुंटू या प्रणालीवर चालणाऱ्या संगणकांची देखभाल मी करतो. ‘आम्ही अपडेट केले होते’ असे ज्या संगणकाविषयी सांगितले जाते, त्यावर पुष्कळदा केवळ ‘सुडो एपीटी अपडेट’ ही आज्ञा दिलेली असते. ही आज्ञा उपलब्ध पॅकेजांची, म्हणजे प्रोग्रॅम ज्या संचांतून बसवले जातात त्यांची, ताजी यादी आणते, पण एकही पॅकेज बदलत नाही. ते काम त्यानंतर द्यावयाच्या ‘सुडो एपीटी अपग्रेड’ या आज्ञेचे आहे. त्यातही काही पॅकेजे मागे ठेवल्याचे दिसले, तर ती लगेच बळेच बसवू नयेत, कारण उबुंटू काही सुधारणा टप्प्याटप्प्यानेच सोडते.

आमच्याकडे खरा घोळ होतो तो पावसाळ्यात. खानापूरकडे पावसाचा जोर वाढला की वीज केव्हा जाईल याचा नेम नसतो, आणि पॅकेज बसत असतानाच संगणक बंद पडला तर ते अर्धवट राहते व पुढची प्रत्येक आज्ञा अडून बसते. अशा वेळी संपूर्ण प्रणाली पुसून नव्याने बसवलेली मी पाहिली आहे, आणि त्यात गेलेल्या नोंदींचे मला आजही वाईट वाटते. आधी ‘सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए’ आणि मग ‘सुडो एपीटी --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल’ एवढ्याने बहुतेक वेळा काम मार्गी लागते. यूपीएसची बॅटरी उतरलेली असेल, तर त्या दिवशी अपग्रेड सुरूच करू नये.

लॉक (एका वेळी एकाच प्रोग्रॅमला पॅकेजे बदलू देणारे कुलूप) मिळत नसल्याचा संदेश आला की लॉकची फाइलच काढून टाकावी, हा सल्ला घातक आहे. बहुधा पार्श्वभूमीवर स्वयंचलित सुरक्षा अद्यतन चालू असते. फाइल काढल्यास दोन प्रोग्रॅम पॅकेजांच्या एकाच नोंदवहीत लिहू लागतात. म्हणून ते अद्यतन संपेपर्यंत थांबावे. बूटचे विभाजन (डिस्कवरील संगणक सुरू करणाऱ्या फाइलींचा भाग) भरले असल्यास जुनी कर्नेल, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याच्या जुन्या आवृत्त्या, हाताने पुसू नयेत, ‘सुडो एपीटी ऑटोरिमूव्ह’ वापरावे.

पॅकेज बदलले तरी चालू असलेला प्रोग्रॅम जुनाच कोड वापरत राहतो, हे फार थोडे लोक लक्षात घेतात. एप्रिल २०१४ मध्ये ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनसाठीच्या लायब्ररीतील (अनेक प्रोग्रॅम वापरतात त्या सामायिक कोडमधील) ‘हार्टब्लीड’ हा दोष उघड झाला, तेव्हा दुरुस्त पॅकेज बसवूनही ज्यांनी वेब सर्व्हर पुन्हा सुरू केला नाही, त्यांच्या सर्व्हरच्या स्मृतीत सदोष लायब्ररी तशीच राहिली. कर्नेलचेही तसेच आहे: संगणक रीस्टार्ट होईपर्यंत नवे कर्नेल डिस्कवर नुसते पडून राहते.

‘नवे काही नाही’ हे उत्तर आले, तरी आवृत्तीची मुदत तपासावी. उबुंटू २०.०४ चे नियमित पाठबळ मे २०२५ मध्ये संपले, तरीही तिथे अपडेटची आज्ञा बिनतक्रार चालते. अशा संगणकावरील नोंदी आधी बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्याव्यात आणि मग तो २२.०४ वर न्यावा.