शिखराशेजारचं टेकाड

एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षी मला प्रोजेक्ट मिळाला तो हाडांच्या खनिजाचा. हायड्रॉक्सिअपटाइट. आपल्या हाडादातांत असतं ते कॅल्शियम फॉस्फेट याच कुळातलं. कृत्रिम सांध्यांच्या धातूवर त्याचा लेप देतात, म्हणजे हाड त्याला परकं मानत नाही. कृती ऐकायला अगदी स्वयंपाकासारखी. कॅल्शियम नायट्रेटच्या द्रावणात अमोनियम फॉस्फेटचं द्रावण थेंब थेंब सोडायचं, अमोनिया घालून पीएच १० च्या वर ठेवायचा, साका रात्रभर मुरवायचा, धुवायचा, वाळवायचा आणि ९०० अंशांवर भट्टीत भाजायचा. मी त्यात किंचित मॅग्नेशियम घातलं होतं. माझी पावडर साध्या पावडरीपेक्षा लवकर विरघळत होती. शरीरात घातलेला पदार्थ हळूहळू विरघळून जागेवर खरं हाड येणं हवंच असतं, त्यामुळे मी खूश. सादरीकरणाच्या पहिल्याच स्लाइडवर मोठ्या अक्षरात लिहिलं: मॅग्नेशियममुळे विरघळण्याचा वेग वाढतो.

आमच्या लॅबमधल्या एक सिनिअर ताई पीएचडीच्या शेवटच्या वर्षाला होत्या. त्यांनी माझा एक्सआरडीचा आलेख मागितला (क्ष-किरण टाकून पावडरीत कोणकोणते पदार्थ आहेत ते ओळखायची चाचणी, आलेखात प्रत्येकाची शिखरं ठरलेल्या जागी येतात). कागद उजेडाकडे धरून म्हणाल्या, "तुझं मोठं शिखर ३१.८ ला आहे, ते बरोबर. पण त्याच्या डावीकडे, ३१ च्या जवळ, हे टेकाड कसलं?"

मी म्हटलं, "नॉइज असेल."

"नॉइज एका जागी बसून राहत नाही," त्या म्हणाल्या.

ते टेकाड बीटा ट्रायकॅल्शियम फॉस्फेटचं (बीटा टीसीपी) होतं. हायड्रॉक्सिअपटाइटमध्ये कॅल्शियम आणि फॉस्फरसचं प्रमाण १.६७ लागतं, याच्यात १.५. थेंब सोडता सोडता मी चहाला गेले होते, तेवढ्यात पीएच घसरला, कॅल्शियम कमी पडलं आणि भाजताना पावडरीचा काही भाग या दुसऱ्या पदार्थात बदलला. तो मुळातच जास्त विरघळतो. ताईंनी मला मॅग्नेशियम न घालता, पण पीएच मुद्दाम तसाच घसरू देऊन आणखी एक पावडर करायला लावली. तीही तशीच भराभर विरघळली. माझा 'शोध' म्हणजे चहाची वेळ होती. मॅग्नेशियमनंही थोडा हात लावला असेल (ते बीटा टीसीपीला सांभाळून घेतं, हे मला नंतर कळलं), पण स्लाइडवर होतं ते वाक्य मला उच्चारता येत नव्हतं.

हे पुराण लांबवलं, कारण त्यानंतर मी दोन वेगळ्या क्षेत्रांत काम केलं आणि दोन्हीकडे मला तेच टेकाड भेटलं. संशोधनात नव्यानं येणारी मुलं मला विचारतात, आधी काय शिकू, स्टॅटिस्टिक्स की पायथन? दोन्ही शिका. पण आधी आपल्या नमुन्यात भेसळ कशाची आहे ते विचारायची सवय लावा, आणि ती शोधायचं काम दुसऱ्यावर सोडू नका.

२०२३ च्या जुलैमधली गोष्ट आठवत असेल. दक्षिण कोरियातल्या एका गटानं एलके-९९ नावाचा पदार्थ केला आणि तो १२७ अंश सेल्सिअसपर्यंत अतिवाहक राहतो, म्हणजे वीज जराही रोध न होता वाहू देतो, असं प्रीप्रिंटमध्ये (तज्ज्ञांनी तपासण्याआधीच खुल्या केलेल्या निबंधात) लिहिलं. जगभर धमाल उडाली. पदार्थ कुठला? तांबं घातलेलं शिशाचं अपटाइट, म्हणजे माझ्या पावडरीचं चुलतभावंड! म्हणून मी ते प्रकरण रात्री जागून वाचलं. त्यांच्या आलेखात साधारण १०४ अंशांवर रोध एकदम कोसळताना दिसत होता. इलिनॉय विद्यापीठातले रसायनशास्त्रज्ञ प्रशांत जैन यांना ते तापमान ओळखीचं वाटलं, कारण तांब्याचं सल्फाइड नेमकं तिथेच आपली रचना बदलतं. हे सल्फाइड त्या कृतीत भेसळ म्हणून तयार होत होतं. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेतही तो पदार्थ करून पाहिला गेला, त्यांना अतिवाहकता दिसली नाही. जर्मनीत श्टुटगार्टच्या माक्स प्लांक संस्थेत एलके-९९ चे शुद्ध स्फटिक वाढवले तेव्हा तर ते चक्क विद्युतरोधक निघाले. महिनाभरात खेळ आटोपला. मला त्या कोरियन गटाचं हसू येत नाही. माझं प्रकरण एका लॅबच्या चार भिंतींत मिटलं, त्यांचं जगासमोर, एवढाच फरक.

एमएस्सीनंतर मटेरियल्समध्येच पीएचडी करायची होती, जमलं नाही. घरी पैशांची गरज होती, म्हणून ग्रामीण भागातल्या एका मानसिक आरोग्याच्या प्रकल्पावर प्रोजेक्ट असिस्टंट म्हणून लागले. रसायनशास्त्रवालीला तिथे काय काम, असं मलाही वाटलं होतं. काम होतं प्रश्नावली भरून घेण्याचं. पीएचक्यू-९, म्हणजे नऊ प्रश्न, गेल्या दोन आठवड्यांबद्दलचे. प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण २७. बेरीज १० किंवा वर गेली की नैराश्याची शक्यता धरून पुढची तपासणी. ही माझी नवी एक्सआरडी.

पहिल्याच आठवड्यात एका मळ्यात ओट्यावर बसून एका बाईंची प्रश्नावली भरत होते. वय पन्नाशीचं. समोर शेंगा वाळत घातलेल्या, त्या बोलता बोलता कोंबडी हाकलत होत्या.

"मावशी, गेल्या दोन आठवड्यांत झोपेचा त्रास झाला का?"

"रोजच की."

मी ३ वर खूण केली.

"थकवा?"

"आवं ताई, अंगात जीवच न्हाई ऱ्हात."

पुन्हा ३. भूक कमी? श्रावण होता, त्यांचे सोमवार-शनिवार चाललेले. "येकच टाइम खाती" म्हणाल्या. मी २ लिहिले. लक्ष लागत नाही? "कशात लागंल?" आणखी २. मनातल्या मनात बेरीज १० झाली. मी ती शीट बाजूच्या फाइलमध्ये ठेवायला निघाले आणि कोण जाणे का, विचारलं, "झोप का लागत नाही हो?"

"शेतातली लाईट रातची दहाला येती. मालक कामाला गावाबाहेर. दारं धराया मीच जाती. पाटंला चार वाजता पाठ टेकती."

म्हणजे झोपेचे ३ आणि थकव्याचे ३ वीज मंडळाच्या वेळापत्रकाचे होते, भुकेचे २ श्रावणाचे. शेजारच्या वस्तीवर याच्या बरोबर उलट प्रकार भेटला. एका सुनेनं सगळ्याला 'नाही, नाही' म्हटलं, बेरीज ३. सासू दाराआड उभी होती, हे मी आठ मिनिटांनी पाहिलं.

सरांना सांगितलं तर ते म्हणाले, प्रश्नावली तपासलेली आहे, भाषांतरही पद्धतशीर झालंय, तुझी विचारण्याची पद्धत कच्ची आहे. ऐकताना राग आला, पण त्यांचं बरोबर होतं. त्या नऊ प्रश्नांचा दोष नव्हता. आम्ही शीटच्या मागे दोन ओळींची जागा केली: उत्तर देताना आसपास कोण होतं, आणि झोप-थकवा-भुकेला बाहेरचं कारण आहे का. गुण बदलायचे नाहीत, नोंद मात्र करायची. नव्यानं फील्डवर जाणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवा: आकडा 'सुधारायचा' मोह होतो, तो करू नका. आकडा आहे तसा लिहा आणि शेजारी त्याचं टेकाड लिहा.

नववा प्रश्न जिवाचं बरंवाईट करण्याच्या विचारांचा. तो विचारण्याआधी, कुणी 'हो' म्हटलं तर पुढच्या तासाभरात तुम्ही काय करणार हे ठरलेलं हवं. कुणाला फोन, कुठला डॉक्टर, माणसाला एकटं सोडायचं नाही. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक २०२२ च्या ऑक्टोबरपासून चालू आहे, तो पाठ करा. प्रकल्पात ही सोय नसेल तर तो प्रश्न विचारायला जाऊ नका, वरिष्ठांशी भांडा.

त्याच काळात गोव्यातला एक अभ्यास माझ्या वाचनात आला आणि मी या क्षेत्राच्या प्रेमात पडले. विक्रम पटेल आणि 'संगत' संस्थेतल्या सहकाऱ्यांनी तो केला, २०१७ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. गोव्याच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत येणाऱ्या मध्यम-तीव्र ते तीव्र नैराश्याच्या ४९५ जणांच्या चिठ्ठ्या टाकून दोन गट केले. एका गटाला मानसोपचाराचं औपचारिक शिक्षण नसलेल्या, पण प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक समुपदेशकांकडून सहा-आठ बैठका. दुसऱ्याला नेहमीचेच उपचार, जरा नीट केलेले. तीन महिन्यांनी पहिल्या गटातले ६४ टक्के नैराश्यातून बाहेर आले होते.

६४ ऐकून टाळ्या वाजवाव्याशा वाटतात. पण दुसऱ्या गटाचं काय? तिथले ३९ टक्केही बाहेर आले होते. म्हणजे बैठकांची खरी कमाई ६४ नव्हे, २५. साधारण चार जणांना बैठका दिल्या तर, एरवी बरा झाला नसता असा एक जण बरा होतो. डॉक्टरांची वानवा असलेल्या देशात हे फार मोठं आहे, आणि ३९ छापल्यामुळेच त्यावर विश्वास बसतो. दुसरा गट म्हणजे ताईंनी मला करायला लावलेली मॅग्नेशियमशिवायची पावडर.

मनाच्या संशोधनात आणखी एक भेसळ असते, अपेक्षेची. आघातानंतरच्या तणावविकारावर एमडीएमए (नशेसाठीही घेतलं जाणारं एक रसायन) देण्याच्या चाचण्यांत आकडे झकास होते. तरी ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेनं मंजुरी नाकारून आणखी एक चाचणी मागितली. एक अडचण अशी, की चाचणीत खरं औषध कुणाला मिळालं हे सहभागींना कळू द्यायचं नसतं, पण हे औषध घेतलेल्या माणसाला ते घेतल्याचं कळतंच. आंधळी कोशिंबीर खेळायची आणि पट्टी पारदर्शक! मग सुधारणेत औषधाचा वाटा किती आणि 'आपल्याला खरं औषध मिळालं' या आनंदाचा किती, हे वेगळं काढणं अवघड. या क्षेत्रात येणार असाल तर निबंधात एवढं नक्की शोधा: आपण कुठल्या गटात आहोत हे सहभागींना ओळखता आलं का, आणि लेखकांनी ते विचारलं तरी का.

प्रकल्प संपला (असे प्रकल्प संपतातच, करार कधीपर्यंतचा आहे ते रुजू होतानाच वाचून घ्या) आणि मी मेडिकल रायटिंगमध्ये आले. आता दिवसभर इतरांचे निबंध वाचते आणि त्यांचे सारांश लिहिते. पहिल्या वर्षी मीही गोषवारा वाचून पुढे जायचे. आता उलटीकडून सुरू करते. आधी चाचणीची नोंदणी. भारतातल्या चाचण्या सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत सापडतात, २००९ पासून ती नोंद सक्तीची आहे. सुरुवातीला 'आम्ही हे मोजणार' म्हणून काय लिहिलं होतं आणि शेवटी कशाचा डांगोरा पिटला, एवढं ताडून पाहिलं तरी पुष्कळ कळतं. मग पहिला तक्ता, म्हणजे माणसं कोण होती. मग पुरवणी, नकोशी टेकाडं बहुधा तिथे ठेवलेली असतात. सरकारी कॉलेज किंवा विद्यापीठात असाल तर २०२५ पासून 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' या सरकारी योजनेमुळे हजारो नियतकालिकं फुकट उघडतात. ग्रंथपालाकडे जाऊन लॉगिन मागा, लाजू नका. आमच्या वेळी एकेका पीडीएफसाठी परदेशातल्या लेखकाला ईमेल करायचो. ते अजूनही करा, लेखक बहुधा आनंदानं पाठवतात.

पहिला तक्ता का, ते मला काकांनी शिकवलं. काकूंना अल्झायमर होऊन सहा वर्षं झाली. एकदा काका एक कात्रण घेऊन आले: नव्या औषधानं आजार २७ टक्के मंदावतो. ते लेकॅनेमॅब होतं. काकांनी विचारलं, "म्हणजे चारातला एक दिवस ती मला ओळखेल, असं ना?"

मी निबंध उघडला. १,७९५ माणसं, १८ महिने. मोजपट्टी १८ गुणांची, गुण वाढले की आजार वाढला. औषध न मिळालेल्यांचे १.६६ नं वाढले, मिळालेल्यांचे १.२१ नं. फरक ०.४५. तो १.६६ च्या २७ टक्के, म्हणून २७. औषध मिळालेल्यांपैकी १२.६ टक्के लोकांच्या मेंदूच्या चित्रणात सूज दिसली, दुसऱ्या गटात १.७ टक्के. पण हे सगळं काकांना सांगायची वेळच आली नाही. पहिल्या तक्त्यात सगळी माणसं आजाराच्या अगदी सुरुवातीच्या टप्प्यावरची होती. काकूंना त्या चाचणीत घेतलंच नसतं.

काकांनी कात्रणाची घडी घालून खिशात ठेवली. "म्हणजे ही बातमी आमच्या घरची नव्हतीच," ते म्हणाले. जरा वेळानं म्हणाले, "रात्री दोनला उठून ती दाराशी जाते. 'माझ्या घरी सोडा' म्हणते. त्यावर कुणी काही केलंय का गं?"

केलंय. काका गेल्यावर मी तेच वाचायला बसले, पहिल्या तक्त्यापासून.