प्रचारातली पेड बातमी कशी पकडायची (नुसतं 'मीडिया विकला' ओरडून काही होत नाही)

प्रचार सुरू झाला की आमच्या ग्रुपवर रोज कुणीतरी पेपरचं कात्रण टाकतं आणि खाली लिहितं, पेड आहे, म्हणजे उमेदवाराने पैसे देऊन बातमी म्हणून छापून आणलंय. कशावरून? तर कौतुक केलंय. अहो, कौतुक फुकटातही होतं, तालुक्याच्या पानावर तर बारा महिने कुणाचे ना कुणाचे वाढदिवस चालूच असतात. कौतुकावरून पेड ओळखा म्हणणाऱ्याने पंधरा दिवस सलग तीन पेपर शेजारीशेजारी ठेवून कधी वाचलेले नसतात, हे मी खात्रीने सांगतो.

तर तीन पेपर घ्या, एकमेकांचे स्पर्धक असलेले. ई-पेपर चालेल, पण आवृत्ती तुमच्या जिल्ह्याची निवडा. कात्रण नको, अख्खं पान सेव्ह करा, तारीख आणि आवृत्ती दिसली पाहिजे. झालं.

आता खरी गोची. प्रेसनोट (म्हणजे पक्षाने किंवा उमेदवाराने पेपरांना पाठवलेला तयार मजकूर) आणि पेड बातमी यातला फरक. इथे मी स्वतः तोंडावर आपटलोय. एका निवडणुकीत एकच मजकूर दोन पेपरांत शब्दशः सापडला, मी लगेच दोन्ही पानं ग्रुपवर टाकली, 'हा घ्या पुरावा' वगैरे लिहून. दुसऱ्या दिवशी एका पेपरचा वार्ताहर घरी आला, फोनवर मेल दाखवला, म्हणाला दादा रात्री दहाला प्रेसनोट आली, पान छपाईला सोडायचं होतं, जशीच्या तशी टाकली, मला मानधन किती मिळतं माहितीये का तुम्हाला? काय बोलणार? ग्रुपवर माफी मागितली. म्हणजे नुसता सारखा मजकूर हा आळसाचाही पुरावा असू शकतो, पैशाचा असेलच असं नाही.

मग बघायचं काय? आधी मजकुरात घटना शोधा. प्रेसनोटमध्ये काहीतरी घडलेलं असतं, सभा झाली, रॅली निघाली, अमुक गावात अमुक जण बोलले. पेड मजकुरात बहुतेक वेळा काहीच घडलेलं नसतं, नुसतं नेतृत्व असतं, झंझावात असतो, 'मतदारसंघात अनुकूल वातावरण' असतं. मग हेडिंग बघा. प्रेसनोटला प्रत्येक पेपरचं डेस्क निदान हेडिंग तरी आपलं देतं. मजकूर, हेडिंग, फोटो सगळं तेच आणि नावं मात्र वेगवेगळ्या लेखकांची, असं दिसलं की थांबा, ते पान जपून ठेवा. प्रेस कौन्सिलच्या (पेपरांवर लक्ष ठेवणारी देशपातळीवरची संस्था) 2010 च्या अहवालात नेमकं हेच लिहिलंय, शिवाय एकाच पानावर एकमेकांविरुद्धचे दोन उमेदवार, दोघेही जिंकणार असल्याच्या बातम्या. हे दिसलं की मला तर हसूच येतं, दोघांनी पैसे भरून बातम्यांचं पॅकेज घेतल्यावर पेपर तरी काय करणार!

आणि तिसरी गोष्ट, जी कुणीच बघत नाही, ती म्हणजे कोण गायब आहे. ज्या अपक्षाच्या सभेला तुम्ही स्वतः गर्दी बघितली त्याचं नाव दहा दिवस एका ओळीतही नाही, असं असेल तर तारखेवार लिहून ठेवा. छापलेल्यापेक्षा न छापलेलं जास्त बोलतं, फक्त ते कात्रणात सापडत नाही.

नांदेड जिल्ह्यातल्या भोकरचं उदाहरण माहीत असावं. 2009 च्या विधानसभेला तेव्हाचे मुख्यमंत्री अशोक चव्हाण तिथून उभे होते, मोठ्या मराठी दैनिकांत 'अशोकपर्व' म्हणून पानंच्या पानं आली, काही मजकूर तर स्पर्धक पेपरांत शब्दशः एकच. पत्रकार पी. साईनाथ यांनी हे सगळं पुढे आणलं. खर्चाच्या हिशेबात पेपरच्या जाहिरातींपुढे आकडा होता 5,379 रुपये. पैसे देऊन छापून आणल्याचा आरोप चव्हाणांनी नाकारला. जुलै 2014 मध्ये केंद्रीय निवडणूक आयोगाने हिशेब नीट दिला नाही असा आदेश देत नोटीस काढली, सप्टेंबरमध्ये दिल्ली हायकोर्टाने तो आदेश रद्द केला. पाच वर्षं गेली यात, तोवर पुढची निवडणूक आली. उलट उत्तर प्रदेशातल्या बिसौलीच्या आमदार उमलेश यादव 2011 मध्ये पेड बातमीचा खर्च हिशेबात न दाखवल्यावरून तीन वर्षांसाठी अपात्र ठरल्या. त्यामुळे तक्रारीने काही होत नाही हेही खरं नाही आणि लगेच होतं हेही नाही.

तक्रार लोकसभा-विधानसभेला जिल्हाधिकारी कार्यालयातल्या माध्यम प्रमाणन व संनियंत्रण समितीकडे करायची. झेडपी-नगरपालिका राज्य निवडणूक आयोगाकडे असतात, तिथली विचारणा वेगळी करा. अर्ज एक पान, सोबत तीन पेपरांची पूर्ण पानं, सारख्या ओळी खुणा करून. कुणी किती पैसे दिले ते लिहू नका, ते तुम्हाला माहीत नाही आणि समितीलाही पावती लागत नाही. त्यांना पेड वाटलं तर उमेदवाराला नोटीस जाते, उत्तराला 48 तास, आणि पटलं नाही तर सरकारी जाहिरात दराने ती रक्कम त्याच्या खर्चात धरली जाते. विधानसभेला उमेदवाराच्या खर्चाची मर्यादा 40 लाख आहे, म्हणून उमेदवार घाबरतो ते या हिशेबाला, तुमच्या पोस्टला नाही. एक लक्षात असू द्या, पेड न्यूज हा आपल्याकडे स्वतंत्र निवडणूक गुन्हा नाहीच, सगळं खर्चाच्या कलमांतून चालतं. पेपरविरुद्ध प्रेस कौन्सिलकडे जाता येतं, पण ते फार तर ताशेरे ओढतात, दंड करू शकत नाहीत.

निकालानंतर 30 दिवसांत उमेदवाराला खर्चाचा हिशेब द्यावा लागतो. तो मिळवा, पेपर-जाहिरातीच्या रकान्यातला आकडा बघा आणि जपून ठेवलेली पानं शेजारी ठेवा.